पीएचपी डिस्ट्रोचंच ठेवावं, की बाहेरून नवं चढवावं?

टर्मिनलवाला (धागाकर्ता):
उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या डिस्ट्रोत (तयार संचात) वेबसाइटचा कोड चालवणारं पीएचपी ८.१ येतं. मूळ पीएचपी टीमने ३१ डिसेंबर २०२५ ला ८.१ चा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून जो तो म्हणतोय, बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) जोडा आणि ८.४ टाका. माझ्या मते काही गरज नाही. उबुंटूची सिक्युरिटी टीम २०२७ पर्यंत ८.१ ला पॅच लावत राहणार आहे आणि चालू कोडला धक्काही लागत नाही. ऑडिटवाले पॅकेजवरचं ‘८.१.२’ हे जुनं व्हर्जन बघून बोंब मारतात, पण त्यापुढे उबुंटूचा स्वतःचा आकडा असतो. पॅच लागलाय की नाही ते तिथे कळतं. तेवढं वाचायची तसदी कोण घेणार!

सेमीकोलन:
सिक्युरिटीचे पॅच येतात, मान्य. बाकीच्या बगचं काय? ८.१.२ जानेवारी २०२२ चं आहे. त्यानंतर निस्तरलेले बहुतेक साधे बग तुमच्या सर्व्हरवर अजून मुक्कामाला आहेत. इमॅजिक, रेडिस ही एक्स्टेन्शन्स (पीएचपीची जोड-पॅकेजं) ‘युनिव्हर्स’मध्ये, म्हणजे उबुंटूच्या समुदायाने सांभाळलेल्या भागात येतात, त्यांना २०२७ ची ती हमी लागू नाही. आणि ‘बाहेरची’ काय म्हणता? ती रिपॉझिटरी ओंद्रेय सुरी चालवतात. डेबियनची पीएचपी पॅकेजंही तेच सांभाळतात.

टर्मिनलवाला:
सुरींच्या कामाबद्दल शंका नाहीच. घोळ आपल्याकडे होतो. ८.४ शेजारी बसवलं की कमांड लाइनवरचं ‘पीएचपी’ आपोआप ८.४ कडे वळतं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मात्र जुन्याच ८.१ एफपीएमच्या (साइटसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) सॉकेटशी बोलत राहतो. साइट झकास चालते आणि रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आपटतो: ‘कुड नॉट फाइंड ड्रायव्हर’. कारण ८.४ साठी मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं.

सेमीकोलन:
अहो, मग क्रॉनमध्ये व्हर्जनसकट ‘पीएचपी८.१’ लिहा. एका ओळीचं काम! थांबण्याची किंमत याहून मोठी असते. ७.४ वर बसून राहिलेल्यांना विचारा. ८.० मध्ये शून्य आणि ‘एबीसी’ यांची दुहेरी बरोबरीने (==) केलेली तुलना ट्रूची फॉल्स झाली. ना एरर, ना वॉर्निंग. इफ गुपचूप एल्समध्ये जातं आणि बिलाचा हिशेब बिघडतो. दरवर्षी एक पायरी चढलात तर असं एखादंच प्रकरण वाट्याला येतं. चार वर्षांचं साठलं की नेमकं कशाने मोडलं तेच सापडत नाही.

डबाबंद:
कंटेनरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या डब्यात) टाका आणि दोघेही सुटा. प्रत्येक ॲपला आपापलं पीएचपी.

टर्मिनलवाला:
आणि इमेज (कंटेनरचा साचा) पुन्हा बिल्ड कोण करणार? होस्टवर (मूळ मशीनवर) पॅच रात्री आपोआप लागतात. कंटेनरमधलं पीएचपी मात्र बिल्डच्या दिवशी होतं तसंच राहतं.

सेमीकोलन, पायरीचा मुद्दा पटतो, पण टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) असतील तर. टेस्ट नसलेला जुना कोड दरवर्षी हलवायचा म्हणजे तो बिलाचा घोळ दरवर्षी ओढवून घेणं. अशा ॲपसाठी मी ८.१ वरच राहणार.

सेमीकोलन:
राहा. पण २०२७ मध्येही टेस्ट नसतीलच, तेव्हा काय करणार?