चर्चा: पुण्याला समुद्र नाही, मग समुद्रातल्या प्लास्टिकशी आपला काय संबंध?

मुठाकाठ
खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. परवा पाणी ओसरल्यावर मी तिथून चालत गेले. कठड्याला जलपर्णी, साडीचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. एक पिशवी ओढून काढायला गेले, तर ती पापडासारखी चुरली. उन्हानं कडकडीत झाली होती. बोटांना पांढरा चुरा चिकटला, वारा आला आणि तो पाण्यात गेला.

तेव्हापासून तो चुरा डोक्यातून जात नाही. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. पिशवीचं प्लास्टिक पाण्याहून हलकं, त्यामुळे ते तरंगत लांब जातं. आपल्या मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळतात. भीमा उजनीतून पंढरपूरला जाते, पुढे रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. चंद्रभागा म्हणून आपण जिच्यात डुबकी मारतो ती हीच.

माझं एकच मागणं आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकू द्या. तो इवलासा त्रिकोण सिंकमधून निघून जातो. कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला तो लागत नाही आणि भंगारात त्याला भावही नाही. अख्खी पिशवी मात्र विकली जाते.

भोसरीकर
ताई, कळकळ पटली, उपाय नाही पटला. मी वीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तू साच्यात घडवायच्या, म्हणजे मोल्डिंगच्या, धंद्यात आहे. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतं आणि त्यातलं जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये प्लास्टिक प्रदूषणावरच्या करारासाठी जगभरचे देश जिनिव्हाला जमले, तरी करार झाला नाही. उत्पादनाला मर्यादा घालायची की नुसता कचरा आवरायचा, इथेच घोडं अडलं. तिथं अडलेलं तुमच्या ओट्यावर कसं सुटणार? दोष घराघरांत वाटून टाकला की मोठे उत्पादक मोकळे सुटतात.

आणि उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, एवढी धरणं मध्ये आहेत. बरंचसं प्लास्टिक तिथल्या गाळातच बसणार. पुण्याचा कण समुद्रात पोचलाच असं छातीठोक सांगू नका.

मुठाकाठ
दादा, धरणांचं बरोबर आहे, मी ते धरलं नव्हतं. पण मग आणखीच वाईट वाटतं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. म्हणजे आपला चुरा समुद्राआधी त्यांच्या धरणात.

सुईदोरा_कोथरूड
तुम्ही दोघं पिशवीतच अडकलात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१७ चा अहवाल सांगतो की जे प्लास्टिक मुळात बारीक कणांच्याच रूपात समुद्रात जातं, त्यातलं सुमारे ३५ टक्के कृत्रिम कपडे धुण्यातून जातं आणि २८ टक्के टायर झिजून. मी गणवेश शिवते. टेरिकॉट कापताना मशीनखाली जो केसाळ गोळा जमतो ना, तसलाच धागा प्रत्येक धुण्यात सुटतो. पण सुती घ्या म्हणून मी गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं सांगू? सुती महाग पडतं, रोज इस्त्री लागते, दोन पोरांची आई सकाळी सहाला कामाला जाते. आणि बस पुरेशा असत्या तर एवढ्या दुचाक्या कशाला रस्त्यावर आल्या असत्या? इथे माणसाला निवडायला काही ठेवलेलंच नाही, म्हणून कोपऱ्याचा उपदेश मला टोचतो.

पाषाण_टेकडी
एक विनंती. आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक पोटात जातं, हा मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा. तो आकडा नंतरच्या अभ्यासांत फार फुगवलेला निघाला. नेदरलँड्समध्ये २०२२ साली २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, हे खरं. पण सापडणं वेगळं आणि त्यानं आजार होतो हे सिद्ध होणं वेगळं. घाबरवून लोक दोन दिवस ऐकतात, मग कान बंद करतात. समुद्राचं आधीच पुरेसं वाईट आहे. २५ मे २०२५ ला केरळजवळ मालवाहू जहाज बुडालं आणि ज्यांपासून वस्तू घडवतात ते प्लास्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पसरले. वाळूतून ते एकेक वेचायचे कसे? भोसरीकर, दाणा तुमच्या रोजच्या हाताखालचा माल. तुमच्याकडे सांडतो त्याचं काय होतं?

भोसरीकर
सांडतो. गोणी फोडून हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या नरसाळ्यात, ओतताना मूठभर तरी खाली जातोच. मोठा ढीग झाडून परत वापरतो, कोपऱ्यात राहिलेला संध्याकाळी पायपाच्या पाण्यानं गटारीत जातो. इतकी वर्षं मी तिकडे पाहिलंच नव्हतं. या आठवड्यात गटारीच्या तोंडाला जाळी बसवतो. तरीही माझं मत तेच: उत्पादनावर मर्यादा घालणारा करार हवा, आणि तो आपल्या सरकारकडे मागायला हवा. माझ्या धंद्याला त्याची झळ लागेल हे माहीत असूनही म्हणतोय.

सुईदोरा_कोथरूड
हे पटलं. पण मर्यादा येईल तेव्हा गणवेशाच्या कापडाला पर्याय कोण देणार, तेही त्याच मागणीत लिहा. नाहीतर भुर्दंड पुन्हा त्या आईलाच.

मुठाकाठ
दाणा दोन ते पाच मिलिमीटरचा असतो, तेव्हा जाळी दोनपेक्षा बारीक घ्या. मागणीचा मसुदा टाका, सुईदोराताईंचा मुद्दा त्यात हवाच. सही मी करते. कोपऱ्याचं मात्र सोडणार नाही, शेजारच्या चार घरांत सांगून झालंय.