मदत हवी आहे: मुलीला कॅन्ससमधल्या खेड्यातल्या कम्युनिटी कॉलेजला पाठवावं का?

रावपुरेकर:
नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितोय. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ए ग्रुप (गणिताचा), गुजरात बोर्ड. गुजकेट ही प्रवेश परीक्षाही बरी गेली. इथे एसीपीसीतून (राज्याची प्रवेश समिती) मेकॅनिकल मिळेल असं वाटतं, पण तिच्या डोक्यात एरोस्पेस बसलंय आणि तेही अमेरिकेतच. चार वर्षं थेट युनिव्हर्सिटीत ठेवायची आमची ऐपत नाही. मी रिटायरमेंटला आलोय, धाकटा अजून नववीत आहे.

अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटने मार्ग सुचवला: पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात (तिकडचं स्वस्त, दोन वर्षांचं कॉलेज) दोन वर्षं काढायची आणि मग विचिटाच्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं. फी, राहणं, जेवण धरून वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या आत, असं कागदावर दाखवलंय. गाव नकाशात शोधलं. झूम करत करत शेवटी धान्याचे उंच कोठे, एक वॉलमार्ट आणि कॉलेजचं मैदान दिसलं. आपल्या इथल्या पादरा गावाला याच्यापुढे शहर म्हणायला हवं.

माझी आई म्हणते, पोरगी एकटी मक्याच्या शेतात काय करणार? समोरचे पटेलकाका म्हणतात, त्यांच्या मेहुण्याचं मोटेल तिथून चाळीस मैलांवर आहे, शनिवार-रविवार काउंटरवर बसेल, खर्च निघेल. कन्सल्टंट म्हणतो, आठवड्यात ठरवा. असं खेड्यातलं कॉलेज कुणी आतून पाहिलंय का? फसवणूक नाही ना, आणि पैसे भरण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

विचिटाकर:
काका, मी अशाच एका कॉलेजातून विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीला आलो, म्हणून लिहितो. आधी आजींना सांगा, तिकडे गहू फार. मका आहे, पण राज्याची ख्याती गव्हाची.

फसवणुकीचं म्हणाल तर ती शंका पाच मिनिटांत फिटेल. कॉलेजला हायर लर्निंग कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का आणि परदेशी विद्यार्थ्यांना आय-२० (व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद) द्यायचा अधिकार आहे का, दोन्ही याद्या नेटवर उघड्या आहेत. कॅन्ससमधली कम्युनिटी कॉलेजं सरकारी आहेत, तिथल्या लोकांच्या करातून चालतात, त्यामुळे बहुधा दोन्हीकडे नाव सापडेल. घोळ होतो तो विषयांचा.

कन्सल्टंट म्हणाला असेल, ‘सगळे क्रेडिट ट्रान्सफर होतात.’ (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या विषयाचं माप.) ते खोटं नाही. राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सची (उच्च शिक्षण मंडळ) शंभरावर विषयांची यादीच आहे, त्यातलं काहीही केलं तर कॅन्ससमधली कुठलीही सरकारी युनिव्हर्सिटी ते मान्य करते. पण मान्य करणं निराळं आणि एरोस्पेसच्या डिग्रीत मोजणं निराळं. कॉलेज अल्जिब्रा ट्रान्सफर होईल, पण डिग्रीची गणितं कॅल्क्युलस वनपासून सुरू होतात, म्हणजे ते तीन क्रेडिट मार्कशीटवर नुसते शोभेला. माझ्याबरोबरचा एक मुलगा दोन वर्षांत साठच्या वर क्रेडिट घेऊन आला आणि त्याला पुढे आणखी साडेतीन वर्षं लागली. त्याने स्वस्तात काय वाचवलं ते तुम्हीच बघा.

इंजिनिअरिंगसाठी पहिल्या दोन वर्षांत तिन्ही कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॅल्क्युलसवालं फिजिक्स दोन सेमिस्टर, केमिस्ट्री आणि स्टॅटिक्स एवढं व्हायलाच हवं. छोट्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये हे सगळं छापलेलं असतं. वर्ग भरतोच असं नाही. आमच्या कॉलेजात डिफरन्शियल इक्वेशन्सला मोजकीच नावं आली आणि ऐन ऑगस्टमध्ये विषय रद्द झाला. अमेरिकन मुलांनी तो दुसऱ्या कॉलेजातून ऑनलाइन केला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तेही मोकळेपणाने करता येत नाही. सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात आणि त्यात ऑनलाइनचा एकच विषय धरतात, तीन क्रेडिटपर्यंत. म्हणून कॅटलॉग बघूच नका. मागच्या दोन वर्षांची टाइमटेबलं मागा आणि हे विषय प्रत्यक्ष कधी चालले, कुठल्या सेमिस्टरला चालले, ते बघा. आणि त्यातलं काय डिग्रीत मोजतात ते विचारायचं विचिटाच्या ट्रान्सफर अ‍ॅडव्हायजरला, लेखी. कन्सल्टंटला नाही. बऱ्याच कन्सल्टंटना कॉलेजकडून कमिशन असतं, तुमच्या याला आहे का ते सरळ विचारा. चिडला तर उत्तर मिळालं समजा.

कारेलीबागची मावशी:
पटेलकाकांचं मन मोठं, पण मोटेलचं मनातून काढून टाका हो. एफ-१ वर कॉलेजच्या बाहेर असं काम चालत नाही. कॉलेजातच, लायब्ररी किंवा कॅन्टीनमध्ये, तेही शिकवणी चालू असताना आठवड्याला वीस तास. ‘पगार नको, फक्त राहू द्या, बदल्यात काउंटर सांभाळते’ हेसुद्धा कामच धरतात. आपल्याकडे घरच्यासारखं म्हणून चालून जातं, तिकडे व्हिसा जाईल. राहायला पाहुणी म्हणून जाऊ दे की, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

माझी भाची नेब्रास्कात अशाच गावात होती. अभ्यासाची तक्रार तिने कधी केली नाही. प्रोफेसर नावाने ओळखतात, वर्गात वीसेक मुलं, संध्याकाळी ऑफिसात बसून गणित समजावतात. हाल झाले ते बाकीच्यात. गावात बस नाही. वॉलमार्ट दोन मैलांवर, रस्त्याला फूटपाथ नाही, आणि जानेवारीत तो वारा. दुधाचा कॅन हातात घेऊन चालत यायची तर बोटं आखडून दार उघडता येईना, दाराशी कुणी येईपर्यंत उभी. डॉर्ममध्ये (कॉलेजच्या हॉस्टेलात) शेगडी ठेवू देत नाहीत. मेसचा पास घ्यावाच लागतो आणि शाकाहारी मुलीला तिथे सॅलड, चीज पिझ्झा आणि उकडलेला मका (आजींचा मका आला शेवटी). एकदा हिने मैत्रिणीच्या घरी हौसेने जिऱ्याची फोडणी दिली, धुराचा अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग अंगणात.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: डिसेंबरच्या सुट्टीत डॉर्म बंद होऊ शकतं. तीन-चार आठवडे. अमेरिकन मुलं घरी जातात, आपली कुठे जाणार? त्या वेळी पटेलकाकांचे मेहुणे खरे उपयोगी पडतील.

कलाभवन_जुना:
सगळे अमेरिकेचंच सांगताय म्हणून जरा उलटं बोलतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते बडोद्यातच तंत्रशिक्षण मिळावं म्हणून. रावपुऱ्यातून सायकलवर जाता येईल अशा त्या कॉलेजात मेकॅनिकल करा, फी नगण्य, चार वर्षांनी एरोस्पेसमध्ये एमएसला जा. तेव्हा ती बावीस वर्षांची असेल, असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतच काम करून फी-खर्च भागवण्याची सोय) मिळण्याचीही शक्यता. आज अठराव्या वर्षी गव्हाच्या शेतात पाठवून काय साधणार?

आणि एरोस्पेस नोकरीबद्दल कुणी बोललं नाही. विचिटा विमानांचं गाव आहे, सेस्ना आणि बीचक्राफ्ट तिथलीच. पण तिकडच्या निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळे संरक्षणाशी जोडलेल्या कामावर बहुतेक कंपन्या नागरिक किंवा ग्रीनकार्डवालेच घेतात. डिग्री झाल्यावर हे कळून उपयोग नाही.

विचिटाकर:
कलाभवनकाका, नोकरीचं अगदी बरोबर. मी स्वतः एरोस्पेस सोडून मेकॅनिकलला वळलो, त्यात हेही कारण होतं. पण एमएसची असिस्टंटशिप मिळेलच, यावरही घर बांधू नका.

रावपुरेकर, तुम्हाला सोपं करून सांगतो: आपल्याकडे पॉलिटेक्निक करून डी-टू-डीने डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जातात, तसं हे. फरक एवढाच की डी-टू-डीला एसीपीसी बसलेली आहे, जागा आणि नियम ठरलेले आहेत. तिकडे ती जुळवणी विद्यार्थ्यानेच करायची. जी मुलगी स्वतः ईमेल लिहून पाठपुरावा करते तिला हा मार्ग फळतो. बाबांनी आणि कन्सल्टंटने करून दिलं तर पहिल्याच सेमिस्टरला अडकते.

पैशाचं: अमेरिकन सरकारची मदत परदेशी मुलांना नाही. आरोग्य विमा बहुतेक कॉलेजं सक्तीचा करतात, तो तुमच्या पंधरा हजारांत धरलाय का बघा. कर्ज काढणार असाल तर कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीला बँक देते का, हे आय-२० मागण्याआधी विचारा. आणि दोन वर्षांनी काही कारणाने परत यावं लागलं तर ती असोसिएट डिग्री इथे पदवी म्हणून धरली जात नाही.

रावपुरेकर:
सगळ्यांचे आभार. मोटेलचं मला खरंच माहीत नव्हतं. मुलीला धागा वाचायला दिला. ती म्हणते आता मीच लिहिते. लिहू दे.

रावपुरेकर (मुलगी टाइप करतेय):
नमस्कार. विचिटाकरदादा, तुमचं वाचून मी काल रात्रीच युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सफर ऑफिसला ईमेल केली, सकाळी उत्तर आलं. (बाबा कन्सल्टंटला हे विचारत होते, त्याने दोन आठवडे ‘बघतो’ म्हटलं.) त्यांनी विषयांची यादी पाठवली. मी कॉलेजची टाइमटेबलं काढली. कॅल्क्युलस थ्री दरवर्षी एकाच सेमिस्टरला आहे, स्टॅटिक्सही आहे. कॅल्क्युलसवालं फिजिक्स टू मात्र दोन्ही वर्षांत कुठेच दिसत नाही. कॉलेजला विचारलं तर म्हणाले, ‘मुलं झाली तर घेऊ.’ मग काय करायचं? आणि कलाभवनकाका, मी मेकॅनिकलला नाही म्हणत नाहीये, एसीपीसीचा फॉर्म भरलाय.

विचिटाकर:
शाबास. ‘मुलं झाली तर’ म्हणजे होणार नाही, असंच धरून चाल. पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरचा उन्हाळा एफ-१ वर अधिकृत सुट्टी असतो, त्यात विचिटाला किंवा दुसऱ्या मोठ्या कॉलेजात जाऊन फिजिक्स टू करता येईल. तुमच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला आधी विचारून. फिजिक्स वन आणि कॅल्क्युलस टू त्याआधी आटपलेलं हवं, म्हणजे पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस वन मिळायला हवं. तिथे पोचल्यावर गणिताची प्लेसमेंट टेस्ट होईल, तीत कमी मार्क पडले तर अल्जिब्रात बसवतात आणि पूर्ण गाडी वर्षभर मागे जाते. बारावीचं गणित विसरू नकोस, कॅल्क्युलेटर न वापरता सराव कर. उन्हाळ्याची वेगळी फी आणि दोन महिन्यांचं भाडं बाबांच्या हिशेबात घाल.

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत ‘हेच कॉलेज का?’ विचारतीलच. आत्ता मला जे सांगितलंस तेच सांग, कुठला विषय कुठे आणि का. कन्सल्टंटकडून उत्तर पाठ करू नकोस.

कलाभवन_जुना:
आणि व्हिसा हातात पडेपर्यंत एसीपीसीची जागा सोडायची नाही. प्रवेश रद्द केल्यावर फी कुठल्या तारखेपर्यंत परत मिळते, ते आजच वाचून ठेव.