बाथरूम नव्याने करतेय: आधी नळ ठरवू की भिंत?

ओलीभिंत

मंडळी, घरातलं एकुलतं एक बाथरूम फोडायचं ठरलंय. निमित्त शॉवरच्या भिंतीचं. पलीकडच्या खोलीत कपाटामागे पोपडे आले होते, कपाट सरकवलं तर रंगाचा पंजाएवढा तुकडा हातात आला. प्लंबर म्हणाला, आतला लोखंडी पाइप गंजलाय, बदलायचाच आहे तर सगळंच करून घ्या. ‘सगळंच’ म्हणजे काय ते त्याने माझ्यावर सोडलंय आणि सोमवारी सामानाची यादी मागितलीय.

मनात भरलेलं असं: काळे मॅट नळ, छतातला मोठा चौकोनी शॉवर, भिंतीत दडलेला डायव्हर्टर (गरम-थंड मिसळून पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा भाग), भिंतीला टांगलेला कमोड.

घरची परिस्थिती अशी: टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम २ मीटर वर, पंप नाही. पाणी क्षारांचं, गीझरच्या नळाला पांढरी दाढी येते. कमोडचं भोक जमिनीत, भिंतीपासून ९ इंच. शॉवरची भिंत सोडून बाकी ठिकाणी जुन्या टाइलवरच नवी टाइल चढवायचा विचार आहे. आणि आईची बोटं संधिवाताने वाकलीत. गोल मुठीचा नळ तिला साबणाच्या हाताने फिरतच नाही, मग ती मला हाक मारते.

दुकानात विक्रेता फक्त रंग दाखवतो. नवरा म्हणतो, हातात जड लागेल तो नळ चांगला. मला दोघांचंही पटत नाहीये. सुरुवात कुठून करू?

पाचबोटे

काळा मॅट घेऊ नका. मी लावलाय म्हणून सांगतो. पाणी तुमच्यासारखंच. थेंब वाळला की तिथे खडूचा ठिपका. तीन आठवडे हौसेने पुसला, नंतर कंटाळा आला, आणि एके दिवशी घरातल्या कुणीतरी (नाव घेत नाही, ती हे वाचते) भांड्यांच्या घासणीने घासला. आता नळाच्या मानेवर करडे ओरखडे आहेत ते कायमचे. क्रोमवरही डाग पडतात, पण उठून दिसत नाहीत आणि रोजच्या रोज फडकं फिरवलं तर टिकत नाहीत. फक्त फरशीचं अ‍ॅसिड क्रोमच्या आसपासही आणू नका.

बाकी जाणकार बोलतीलच.

टेस्टपंप

ताई, आधी भिंत. बाथरूमच्या सामानाचे माझ्या डोक्यात दोनच ढीग आहेत. पाना घेऊन दहा मिनिटांत काढता येतं ते एका ढिगात, आणि टाइल फोडल्याशिवाय हात पोचत नाही ते दुसऱ्यात. पहिल्या ढिगात चूक झाली तर हळहळ, दुसऱ्यात झाली तर घमेलं. विक्रेता पहिला ढीग दाखवतो कारण चमक तिथे असते.

दाबापासून सुरू करा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. तुमची टाकी २ मीटर वर, म्हणजे ०.२ बार, तोही पाइप आणि एल्बोंमध्ये (पाइपाच्या वळणांच्या जोडांत) जाणारा दाब न धरता. छतातले मोठे शॉवर बहुतेक १ बारच्या आसपास दाब मिळेल असं धरून बनवलेले असतात. ०.२ वर त्यातून पाऊस पडत नाही, पागोळ्या गळतात, त्याही मधल्या चार भोकांतून. माहितीपत्रकात किमान दाब लिहिलेला असतो, रंगाच्या आधी तो आकडा वाचा.

आजच एक करून पाहा. शॉवरखाली मापाची बादली ठेवा आणि ५ लिटरला किती सेकंद लागतात ते मोजा. मग शॉवरचं डोकं काढून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक हा त्या डोक्याचा दोष, उरलेला पाइपाचा आणि उंचीचा. हे न मोजता पंप घेणारे खूप पाहिलेत. पंप घ्यायचाच झाला तर गरम आणि थंड दोन्ही लाइनी पंपाच्या पुढूनच निघू द्या. एका मित्राकडे थंड लाइन पंपावर आणि गरम थेट टाकीवर होती. मिक्सर (गरम-थंड एकत्र करणारा नळ) उघडला की थंड पाणी गरम लाइनीत घुसायचं, गीझर तापलेला असूनही अंघोळ कोमट. आणि गीझर किती दाब सोसतो ते त्याच्याच पाटीवर लिहिलेलं असतं, तेही बघा.

आता भिंतीत दडलेला डायव्हर्टर. माझ्याच घरची गोष्ट. डायव्हर्टरच्या बॉडीवर प्लास्टिकचं झाकण येतं, त्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. टाइलचा बाहेरचा पृष्ठभाग या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा. आमच्या प्लंबरने बॉडी बरोबर बसवली होती. नंतर गवंड्याने ओळंबा लावला, भिंत एका बाजूला कललेली निघाली, ती सरळ करायला त्याने २० मिमी जास्तीचं प्लास्टर चढवलं. मी त्या दिवशी साइटवर नव्हतो. टाइल लागल्यावर पाहतो तर झाकण विहिरीत बसल्यासारखं आत. हँडल दांडीपर्यंत पोचेना. वाढीव तुकडा मिळतो, पण त्या मॉडेलचा येणं बंद झालेलं. नव्याकोऱ्या तीन टाइल फोडल्या, दोन जुळत्या मिळाल्या. तिसरी आजही सगळ्यांना दिसते, पाहुण्यांना तर सर्वात आधी.

तुमच्या दाबाला आणि पाण्याला मी उघडा, म्हणजे भिंतीबाहेर राहणारा, वॉल मिक्सर घेईन. त्याची दोन तोंडं १५० मिमी अंतरावर असतात आणि वाकडे कनेक्टर फिरवून थोडंफार इकडेतिकडे जुळवता येतं. क्षार साचले तर सगळं काढून व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, खळखळून धुवा, परत लावा. भिंतीला धक्का नाही.

कमोड. ९ इंच म्हणजे साधारण २२५ मिमी, एस ट्रॅप, म्हणजे मैला खाली जमिनीत सोडणारा. हे अंतर तयार भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत मोजायचं, आणि तयार भिंत म्हणजे टाइल लागल्यानंतरची. तुम्ही टाइलवर टाइल चढवणार. टाइल आणि खालचा मसाला मिळून १२ ते १५ मिमी गेले, म्हणजे तुमचे २२५ झाले २१० च्या आसपास. त्यावर २२५ चा कमोड आणलात तर टाकी भिंतीला टेकेल आणि कमोडचं तोंड भोकाच्या पुढे उभं राहील. मग प्लंबर पांढऱ्या सिमेंटचा गिलावा करून ‘बसला’ म्हणतो आणि दोन वर्षांनी वास येतो. तिरका कनेक्टर मिळतो, पण मी कमोडमागची तेवढी जुनी टाइल काढून टाकेन, तासाभराचं काम आहे. टांगलेल्या कमोडचं म्हणाल तर त्याला मैला भिंतीतून बाहेर काढावा लागतो, आत लोखंडी फ्रेम आणि टाकी लपवायला भिंतीत खोली लागते. तुमचं भोक जमिनीत आहे. सोडा तो नाद.

नवऱ्याच्या वजनाच्या कसोटीत थोडं तथ्य आहे. पितळ जड असतं, पण जस्ताचा मिश्रधातूही काही हलका नसतो. कुणी चुंबक लावून दाखवला तर हसून सोडून द्या, चुंबक पितळालाही चिकटत नाही आणि जस्तालाही. नळाचं मागचं तोंड उलटं करून आत बघा, तिथे क्रोम नसतो. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर पुढचा नळ दाखवा म्हणा. मग विचारा, कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी उघडबंद करणारा भाग) ३५ मिमीचं की ४० चं आणि सुटं मिळतं का. मिळत असेल तर एक आजच घेऊन ड्रॉवरमध्ये टाका.

दुपारचीझोप

टेस्टपंप, तुमच्या तीन टाइलींचं दुःख समजलं, पण भिंतीतल्या मिक्सरला उगाच बदनाम करू नका. आमच्याकडे नऊ वर्षं आहे. कार्ट्रिज एकदा बदललं, समोरून हँडल आणि झाकण काढून, एकही टाइल न फोडता. दाब चांगला असेल आणि बॉडी बसवताना कुणीतरी उभं असेल तर दिसायला आणि पुसायला तोच बरा. अर्थात इथे दाबच नाही, त्यामुळे या घरापुरतं तुमचं मान्य.

ओलीभिंत, मला आईबद्दल बोलायचंय. माझ्या वडिलांचे हातही असेच. सिंगल लिव्हर (एकाच दांडीने गरम-थंड दोन्ही चालणारा नळ) घ्या, आणि दुकानात बोटांनी नाही तर मुठीने किंवा कोपराने उघडून बघा. काही लिव्हर दिसतात सुंदर पण इतके बारीक असतात की पकडायला चिमूट लागते, आणि चिमूटच तर धरता येत नाही ना! हाताचा शॉवर हवाच, बसून अंघोळ करता येते. मात्र तो ज्या सरकत्या दांडीवर अडकवतात ती आधाराची नसते. वडील एकदा तिला धरून उठले आणि स्क्रूसकट खाली आली. नशीब, ते परत स्टुलावरच बसले. आधाराची दांडी वेगळी, भरीव भिंतीत. जागा टाइल लावायच्या आधी ठरवा, आईंना स्वतःला तिथे उभं करून. कमोडची बैठकही जरा उंच बघा. नेहमीची ४०० मिमीच्या आसपास असते, ४५० ची मिळाली तर उठताना गुडघे कुरकुरत नाहीत.

एक बारीकसं. लिव्हर मधोमध ठेवून उघडायची सवय असते सगळ्यांना. गरम पाणी नको असतानाही गीझरचं पाणी ओढलं जातं. घरच्यांना उजवीकडे ढकलून उघडायला शिकवा. आमच्याकडे अजून कुणी शिकलेलं नाही.

ओलीभिंत

मोजलं! शॉवरसकट ५ लिटरला ६२ सेकंद. डोकं काढल्यावर ४१. आणि डोकं टेबलावर आपटल्यावर आतून जाड मिठासारखा पांढरा कचरा निघाला, चमचाभर तरी. म्हणजे इतकी वर्षं मी टाकीला शिव्या घालत होते.

मिनिटाला साधारण ७ लिटर, तेही गंजलेल्या पाइपातून. छतातला चौकोन रद्द. हाताचा शॉवर आणि भिंतीवर एक लहान डोकं, ज्यावर कमी दाबाला चालतं असं लिहिलंय आणि भोकं मऊ सिलिकोनची आहेत, अंगठ्याने चोळली की क्षार पडतात. वॉल मिक्सर उघडा, लिव्हरचा. आईला दुकानात नेलं होतं. सहा लिव्हर तिने मनगटाने उघडून बघितले आणि सगळ्यात कुरूप निवडला. तोच घेतला.

काळा रंग टॉवेलच्या दांडीवर भागवला. पाचबोटे, तिला तरी घासणी लागणार नाही ना?

टेस्टपंप

७ लिटर म्हणजे पंप नको. लोखंडी काढताय तर टाकीपासून बाथरूमपर्यंतची मुख्य लाइन २० मिमीची टाका, फक्त शेवटचे फाटे १५ चे, अजून थोडं वाढेल. नळ जिथे फिरवून बसतो तिथे पितळी आटे असलेलेच एल्बो वापरायला सांगा. प्लास्टिकच्या आट्यांत अँगल कॉक (भिंतीतून निघणारा छोटा बंद-चालू नळ) जोर लावून आवळला की एल्बोला तडा जातो, आणि तो प्लास्टरच्या आत असतो.

भिंत बुजवायच्या आधी सगळी तोंडं बंद करून टेस्ट पंप लावा, दाब चढवा आणि काटा रात्रभर तिथेच राहतो का बघा. आयडी उगाच घेतलेला नाही. मग टेप धरून पाइपांचे फोटो काढा, आधाराच्या दांडीला भोकं पाडताना कामाला येतील.

आणि नवे नळ बसवायच्या आधी लाइन मोकळी सोडून द्या, निदान दोन बादल्या. बांधकामाची रेती पहिल्याच दिवशी कार्ट्रिजच्या चकत्यांवर ओरखडा काढते आणि मग लोक म्हणतात, नळच खराब निघाला.