मदत हवी आहे: सापडलेला कॉर्न स्नेक सांभाळावा का?

जिन्याखालच्या अडगळीत केशरी रंगाचा साप सापडला. जाणकाराने येऊन पाहिला: कॉर्न स्नेक, बिनविषारी, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. हा मूळचा अमेरिकेतला, घरी पाळला जाणारा साप, म्हणजे कुणाच्या तरी घरून निसटलेला. मालकाचा शोध चालू आहे.

सध्या घट्ट झाकणाच्या काचेच्या पेटीत ठेवलाय. एका टोकाला थर्मोस्टॅट लावून ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब, दुसरं टोक थंड, दोन्हीकडे लपायला जागा आणि पाणी. डोळे दुधाळ झालेत, म्हणजे कात टाकायला आलाय, म्हणून ती टाकेपर्यंत त्याला हाताळत नाही, खायलाही देत नाही. काळजी शेपटीची आहे. टोकाला जुन्या कातीचं कडं आवळून बसलंय, त्याने रक्तपुरवठा तुटू शकतो. ओलं शेवाळ भरलेल्या डब्यात ठेवल्यावर सुटेल, की थेट डॉक्टर गाठावा?

आणि मालक मिळालाच नाही तर? बाहेर सोडणार नाही हे नक्की. एकतर तो मरेल, नाहीतर रानातल्या सापांना रोग देईल. पण १५-२० वर्षं जगणारा जीव पेटीत ठेवणं बरोबर आहे का? तासन्तास निपचित पडून असतो. तो निवांत आहे की नाइलाजाने पडलाय, हे कशावरून ओळखता? साप सांभाळलेल्यांनी कृपया सांगा.