सूपवाले डंपलिंग: कुठे खाल्लेत, कसे खाल्लेत? (अनुभव धागा)

मोमो आता आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. हा धागा त्यांच्यासाठी नाही. ज्या डंपलिंगच्या पोटात सूप असतं, त्या शाओलोंगबाओसाठी आहे. शांघाय, तैपेई, न्यूयॉर्क, दुबई, जिथे कुठे खाल्ले असतील तिथलं लिहा. सोबत कोण होतं, किती ताटकळलात, सूप तोंडात गेलं की शर्टावर, आणि मुख्य म्हणजे बरोबरच्या शाकाहारी माणसाचं काय झालं. ‘मस्त होतं, नक्की जा’ एवढंच लिहू नका. त्याने कुणाचं पोट भरत नाही.

नवख्यांसाठी थोडक्यात: हा पदार्थ शांघायजवळच्या नानशियांगचा. १८७१ च्या सुमारास तिथल्या हुआंग मिंगशियान नावाच्या दुकानदाराने तो काढला असं मानतात. आत सूप कसं भरतात, हा पहिला प्रश्न सगळ्यांचाच. भरत नाहीत. डुकराची कातडी तासन्‌तास उकळून रस्सा गाळतात, थंड झाला की तो थलथलीत घट्ट बसतो. मग तो बारीक चिरून खिम्यात कालवायचा. वाफ लागली की आतल्या आत वितळतो. गुपित म्हणावं तर एवढंच.

एक विनंती. मोदकाची उपमा सगळ्यांनाच सुचणार आहे. एकाने वापरली की पुढच्यांनी आवरतं घ्यावं.

तैपेई

माझ्या ऑफिसच्या कामाला जोडून आई-बाबांना तैवानला नेलं होतं. शिन्यी रोडवर ‘डिन ताई फुंग’ला गेलो. आता हे जगभर पसरलेलं नाव असलं तरी दुकान मुळात खाद्यतेलाचं. यांग बिंगयी यांनी १९५८ मध्ये ते सुरू केलं. पुढे डब्यातलं तेल आलं, सुटं तेल घ्यायला कोणी येईना, म्हणून १९७२ मध्ये अर्ध्या दुकानात डंपलिंग करायला घेतले. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जगातल्या दहा उत्तम रेस्टॉरंटांमध्ये नाव घातलं, आणि तेव्हापासून दारात जी गर्दी आहे ती आहेच.

नंबर घ्यायचा, कागदावर खुणा करून ऑर्डर आधीच द्यायची आणि उभं राहायचं. बाबा कंटाळले. आई मात्र काचेला चिकटली. इथलं स्वयंपाकघर काचेआड असतं. पांढरे कपडे, टोपी, मास्क घातलेली मुलं ओळीने उभी. एक जण गोळ्या तोडून लाटतोय, दुसरा सारण ठेवतोय, तिसरा तोंड मिटतोय. पारी ५ ग्रॅमची, सारण १६ ग्रॅम, आणि काट्यावर सगळं मिळून २१ भरायला हवं. चुण्या १८. आईने बोट धरून मोजल्या. मग म्हणाली, “बघ, पारी मध्ये जाड ठेवलीय आणि कडेला पातळ. म्हणून बूड फाटत नाही.”

तर ती उपमा मीच वापरून टाकते, बाकीचे सुटले. आई दर गणपतीत एकवीस उकडीचे मोदक वळते. उकडीला ताण सोसत नाही, म्हणून आधी कडेने चिमटून कळ्या पाडायच्या आणि मग त्या अलगद वर गोळा करायच्या. इथे गव्हाची कणीक. ती ताणते, त्यामुळे डाव्या हाताने फिरवत उजव्याने चुणीवर चुणी घालत नेता येते. आईचा निकाल: “हात चांगला आहे मुलांचा. पण कणकेचं काय, तांदळाच्या पिठीचं करून दाखवा म्हणावं.”

बाबा सगळं खातात. वाढणाऱ्या मुलीने त्यांना हाताने करून दाखवलं: आल्याच्या बारीक सळ्यांवर एक भाग सोया सॉस, तीन भाग व्हिनेगर. डंपलिंग शेंड्याला धरून उचलायचं, त्यात बुडवायचं, चमच्यात ठेवायचं, काडीने कुशीला भोक पाडायचं. सूप चमच्यात उतरतं, ते आधी प्यायचं. मग वर थोडं आलं ठेवून एका घासात. बाबांनी पहिला तसा खाल्ला आणि पुढची टोपली येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. आमच्या घरात ही मोठी पावती आहे.

आईसाठी भाज्या आणि मशरूमचे डंपलिंग सांगितले. चांगले होते, पण त्यात सूप नसतं, ही अपेक्षा आधीच पुसून जा. बाकी तैवानमध्ये शाकाहारी माणसाने घाबरायचं काही कारण नाही. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खाणावळी पुष्कळ आहेत, बऱ्याच पाट्यांवर स्वस्तिक दिसतं, आणि त्यांच्यात कांदा-लसूणही वर्ज्य. आई चातुर्मास पाळते. घराबाहेर इतक्या निर्धास्तपणे ती पुण्यातही जेवत नाही.

न्यूयॉर्क

अमेरिकेत या पदार्थाचं वेड लावण्यात ‘जोज शांघाय’चा मोठा वाटा. १९९५ मध्ये क्वीन्समधल्या फ्लशिंगला निघालं, मग मॅनहॅटनच्या चायनाटाउनात पेल स्ट्रीटवर. आता बॉवरीवर हललंय. मी गेलो ते पेल स्ट्रीटच्या काळात. मोठी गोल टेबलं, जिथे खुर्ची रिकामी तिथे बसायचं, अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून. शेजारी एक चिनी आजी. मी काड्यांनी डंपलिंगचं पोट धरायला गेलो तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. खरंच मारली. मग स्वतःच्या काड्यांनी शेंडा धरून अलगद उचलून माझ्या चमच्यात ठेवलं. माझी बायको अजून सांगते की तिच्या सासूबाईंनंतर मला जेवताना चापट मारणारी ही पहिलीच बाई.

खेकड्याचे घ्या. पोर्कचे त्यापुढे साधे वाटतात.

शांघाय

तैपेईवाल्या ताईंनी छान लिहिलंय, पण मूळ गावाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी मूळचा कोल्हापूरचा, कंपनीने शांघायला पाठवलं तेव्हा तिथे राहिलो.

पर्यटक सगळे यू गार्डनला जातात. नागमोडी पुलाजवळ ‘नानशियांग’ नावाचं दुकान १९०० पासून आहे. खालच्या खिडकीवर रांग, वरच्या मजल्यांवर बसून खायची सोय, आणि जसे वर जाल तसा भाव वाढतो. तिथे स्ट्रॉ खोचलेलं वाटीएवढं मोठं डंपलिंगही मिळतं. फोटो काढा आणि पुढे चला. सूप स्ट्रॉने प्यायचं, राहिलेल्या जाड पारीचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. ज्याला वेळ आहे त्याने मेट्रोच्या ११ नंबरच्या लाईनने थेट नानशियांगला जावं. तिथल्या गूयी बागेच्या परिसरात हा पदार्थ वाढला. चीन सरकारने २०१४ मध्ये नानशियांगच्या पद्धतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातलंय.

पण माझं खरं खाणं झालं ते गल्लीतल्या दुकानांत, सकाळी. तिथे हा नाश्ता आहे, सणासुदीचं जेवण नव्हे. पेन्शनीतले काका पेपर घेऊन येतात, एक टोपली आणि अंड्याच्या पातळ पोळीच्या सळ्या घातलेलं नितळ सूप मागवतात, खातात, जातात. टेबलावर झेनजियांगचं काळं व्हिनेगर, चिकट तांदळापासून केलेलं, किंचित गोडसर. आमच्या गल्लीत सोया सॉस कुणी मागत नसे. मिरचीचं तेल मी मागितलं तेव्हा मालकीणबाईंनी दिलं, पण चेहऱ्यावरून कळलं की तांबड्या रश्शात साखर मागितल्यासारखं काहीतरी झालंय.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमलं तर जा. केसाळ खेकड्याचा हंगाम. खेकड्याचं मांस आणि पिवळी-केशरी लाख (आतली अंडी) खिम्यात घालतात, सुपावर सोनेरी तवंग येतो. भाव दुपटीच्या पुढे. द्यावा.

शेजारच्या वूशी शहरातही हेच करतात, पण सोया आणि साखर सढळ हाताने. पहिला घास घेतला आणि वाटलं चुकून गोडाचं मागवलं. वूशीच्या लोकांना शांघायचे अळणी वाटतात. हा वाद आपण सोडवायचा नाही.

वेडेपणाचा एक नमुना सांगतो. ख्रिस्तोफर सेंट कॅव्हिश नावाचा शांघायमध्ये राहणारा अमेरिकन लेखक कात्री, वजनकाटा आणि जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन ५२ दुकानं फिरला. प्रत्येक डंपलिंग कापून सूप आणि सारण तोललं, पारीची जाडी मोजली. सूत्र असं: सारण आणि सूप यांच्या वजनाच्या बेरजेला पारीच्या जाडीने भागा, शंभराने गुणा. २०१५ मध्ये त्याने ही सगळी क्रमवारी छापली. नामांकित दुकानं खाली आणि स्वस्तातली वर, असंही त्यात झालं. चवीला एकही गुण नाही, म्हणून मी ती फार मनावर घेत नाही. पण पातळ पारी आणि भरपूर सूप हाच कस, हे मात्र शांघायचा माणूसही मान्य करेल.

खायची रीत चिनी लोकांनी चार ओळींत बांधून ठेवलीय: हळूच उचला, सावकाश न्या, आधी खिडकी उघडा, मग सूप प्या. पाठ करून जा. आतलं सूप उकळतं असतं आणि टाळू एकदा भाजला की पुढची टोपली चवीविना जाते.

मेलबर्न

मी शाकाहारी, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. मैत्रिणींनी ओढून नेलं. मेन्यूत ‘भाज्यांचे डंपलिंग’ दिसले म्हणून निश्चिंत बसले. ऑर्डर देताना सहज विचारलं तर कळलं, आत भाज्या आहेत पण कणीक मळताना डुकराची चरबी घालतात. वाढणारा मुलगा बिचारा स्वतःहून सांगत होता, विचारलं नसतं तर खाल्लेच असते. शेवटी ठेचलेली लसूण-काकडी आणि परतलेली फरसबी यांवर जेवले. फरसबी अप्रतिम होती, हे कबूल. मशरूम-भाजीचे आहेत एवढ्यावर थांबू नका. चरबी, ऑयस्टर सॉस आणि कोंबडीचा रस्सा, या तिन्हींची नावं घेऊन विचारा.

आता माझा प्रश्न: शाकाहारी सूपवालं डंपलिंग होऊच शकत नाही का? कातडीशिवाय काहीच गोठत नाही का?

दुबई

सासू-सासरे डुक्कर खात नाहीत, चिकन खातात. अशांसाठी दुबई सोयीचं. मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या डिन ताई फुंगमध्ये चिकनचे शाओलोंगबाओ मिळतात. चव पोर्कच्या तुलनेत सौम्य, सूप जरा हलकं. मुलांना चॉकलेटचे द्या, वाद मिटतो. सासऱ्यांनी बिल बघून एवढंच विचारलं, “मैदा एवढा महाग झाला का?”

पुणे, पण खाल्लेत सिडनीत

विरोधी सूर चालणार असेल तर लिहितो. मला कळलं नाही. मुलाकडे गेलो होतो, त्याने कौतुकाने नेलं, खूप वेळ रांगेत उभे राहिलो. पदार्थ नाजूक आहे, कसब आहे, सगळं मान्य. पण व्हिनेगर आणि आलं काढून घेतलं तर खिम्याला स्वतःचं असं काही म्हणणं नाही. दार्जिलिंगला थंडीत उभ्याने खाल्लेले मोमो आणि ती झणझणीत चटणी मला जास्त आठवतात. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला मसाल्याशिवाय चव लागत नाही.” असेल.

मिसिसॉगा

पुणेकर काकांशी असहमत, पण भांडायला वेळ नाही. मेलबर्नच्या ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायला आले. मी हे घरी करते.

कातडीच हवी असं मुळीच नाही. बकऱ्याच्या पायाचं सूप फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी भांडं उलटं केलं तरी पडत नाही, हे आपल्या घरांत सगळ्यांनी पाहिलंय. तेच जिलेटिन. मी पाये कुकरला न लावता मंद आचेवर उकळते, आलं आणि पातीचा कांदा घालते, गाळून ताटात ओतते. कोंबडीचे पंजेही चालतात, उलट वास कमी येतो. खिमा चिकनच्या मांडीचा घ्या, छातीचा कोरडा होतो. जेली आणि खिमा दोन्ही गार हवेत. उन्हाळ्यात भरायला बसलात तर जेली हातातच सुटते आणि पारी ओली होऊन फाटते. म्हणून थोडं थोडं सारण फ्रिजमधून काढायचं. मोदकपात्रात केळीच्या पानावर ठेवले तर चिकटत नाहीत.

शाकाहारी करायचे तर चायना ग्रास, म्हणजे अगर. वाळलेले शिताके मशरूम भिजवलेलं पाणी, सोया, आलं, असा दाट रस्सा करून त्यात अगर उकळा आणि गोठवा. फरक एवढाच की जिलेटिन अंगाच्या उबेलाही विरघळतं, अगर ८५ अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे भरताना हे उलट सोपं, कितीही वेळ घ्या, जेली सुटत नाही. पण वाफ कमी पडली तर आत गोळा तसाच राहतो, आणि वाढल्यावर गप्पा मारत बसलात तर ४० अंशांच्या खाली सूप पुन्हा गोठतं. टोपली टेबलावर आली की फोन बाजूला ठेवून खायला लागा. अगरचं प्रमाणही कमीच ठेवा, जेमतेम धरेल इतकं, नाहीतर सुपाला पेजेसारखा दाटपणा येतो.

पारीची कणीक म्हणजे नुसता मैदा, कोमट पाणी, मळून अर्धा तास झाकून. ताई, करून पाहिलेत तर कसे झाले ते इथेच लिहा. चुण्या किती पडल्या ते कोणी विचारणार नाही.