मुलींच्या वयोगटातले आंतरराष्ट्रीय फुटबॉल: जुने सामने कुठून बघायला घ्यावेत?

सायली_म
नमस्कार मंडळी. माझी भाची चौदा वर्षांची आहे, मधल्या फळीत खेळते. पुरुषांचे क्लब फुटबॉल तिने भरपूर पाहिले आहे, पण तिच्याच वयाच्या मुली देशाकडून कशा खेळतात हे जवळजवळ पाहिलेले नाही. सुट्टीत तिच्याबरोबर बसून १७ वर्षांखालील आणि २० वर्षांखालील विश्वचषकांचे जुने सामने बघायचे ठरवले आहे. पण नेमके कोणते, तेच कळत नाही. शिवाय युरोपची स्पर्धा वेगळी, आशियाची वेगळी, त्यांचा विश्वचषकाशी काय संबंध, हेही धड समजलेले नाही. लांबलचक यादी नको. मोजके सामने सांगा आणि ते का बघायचे ते सांगा. मधल्या फळीतल्या खेळाडूंची नावे मिळाली तर फारच छान.

मधलीफळी
सायलीताई, एक जोडी सांगतो. २० वर्षांखालील विश्वचषकाचे २०१८ आणि २०२२ चे अंतिम सामने लागोपाठ बघा. दोन्हीकडे जपान आणि स्पेनच. २०१८ ला फ्रान्समध्ये जपानने ३-१ ने जिंकले, २०२२ ला कोस्टा रिकात स्पेनने ३-१ ने.

२०१८ च्या स्पर्धेत हे दोन संघ साखळीतही भेटले होते आणि तिथे स्पेन १-० ने जिंकला होता. त्यामुळे त्याच प्रतिस्पर्ध्याला अंतिम फेरीत जपानने कसे सोडवले, हे बघण्यासारखे आहे. पहिला गोल हिनाता मियाझावाचा. हीच मियाझावा २०२३ च्या महिला विश्वचषकात पाच गोल करून सर्वाधिक गोलांची मानकरी ठरली. तिसरा गोल फुका नागानोचा, आणि भाचीसाठी माझे नाव तेच. नागानो मधल्या फळीतली. २०१६ ला जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात जपान अंतिम सामना पेनल्टींवर हरला, तरी स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. दोन वर्षांनी २० वर्षांखालील विजेतेपद, आणि पुढे २०२३ ला मोठ्या संघातही ती होती. एकाच मुलीला तीन वयांत बघता येते.

स्पेनकडून पात्री ग्विहारो बघा. २०१८ ला अंतिम सामना हरूनही सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल, दोन्ही पुरस्कार तिचे. मधल्या फळीतल्या मुलीने हे करणे सोपे नाही. ऐताना बोनमाती त्याच संघात होती. तिने पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीनदा बलॉन द'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला.

निशिगंधा
वरच्या सल्ल्याशी सहमत, पण मी एक वेगळी वाट सुचवते. संघ किंवा साल धरून न बघता जन्मवर्ष धरून बघा. या स्पर्धांमध्ये सगळा खेळ जन्मवर्षाचा आहे, आणि ते एकदा कळले की स्पर्धा आपोआप उलगडतात.

२०२२ च्या १७ वर्षांखालील स्पर्धेत १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच खेळू शकत होत्या, २०२४ च्या स्पर्धेत २००७ किंवा त्यानंतरच्या. आता २००६ साली जन्मलेल्या मुलीचा विचार करा. २०२२ ला ती आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्या मुलींशी जागेसाठी झगडणार, आणि २०२४ ला तिचे वय उलटून गेलेले. तिची गुणवत्ता कितीही असो, दर दोन वर्षांनी स्पर्धा म्हटल्यावर एक आड एक जन्मवर्ष मागे पडायचेच. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी होते, २०२५ ते २०२९ असे पाच वर्षे यजमानपद मोरोक्कोकडे आहे आणि संघ १६ वरून २४ झाले आहेत. माझ्या मते मुलींच्या फुटबॉलमधला गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत न्याय्य बदल आहे. विजेता कोण झाला यापेक्षाही मला तो महत्त्वाचा वाटतो.

२०२० च्या दोन्ही स्पर्धा कोविडमुळे रद्द झाल्या, तेव्हा तर अख्खी वर्षेच्या वर्षे गेली. २००० आणि २००१ च्या मुलींना २० वर्षांखालील विश्वचषक खेळायला एकच मार्ग उरला होता, २०१८ ला किंवा त्याआधी वयाने लहान असूनही निवड होण्याचा. बाकीच्यांची संधी तिथेच संपली. त्यांची नावे आज कुणाला आठवत नाहीत, याचे मला खरेच वाईट वाटते.

आता हेच सूत्र धरून सल्मा पाराल्युएलो बघा. जन्म नोव्हेंबर २००३. उरुग्वेत २०१८ ची १७ वर्षांखालील स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती जेमतेम पंधराची. स्पेन तिथे विजेता. २०२२ च्या २० वर्षांखालील अंतिम सामन्यात तिचे दोन गोल, आणि २०२३ ला मोठ्यांचा विश्वचषक. तिन्ही विश्वचषक जिंकणारी ती पहिली खेळाडू.

अनिकेत_र
सगळे स्पेन आणि जपान. उत्तर कोरियाचे काय? १७ वर्षांखालील स्पर्धा त्यांनी चारदा जिंकली आहे: २००८, २०१६, २०२४, २०२५. २० वर्षांखालील तीनदा: २००६, २०१६, २०२४. २० खालच्या गटात जर्मनी आणि अमेरिकेचीही तीन-तीन विजेतेपदे आहेत, पण १७ खालच्या गटात अमेरिका आजवर एकदाही जिंकलेली नाही.

२०२४ चा २० वर्षांखालील अंतिम सामना बघाच. बोगोटा, जपानविरुद्ध १-०, गोल चोए इल-सनचा. चेंडू गेला की दुसऱ्या क्षणी तीन जणी चेंडूवर, आणि हे शेवटच्या मिनिटापर्यंत. मधल्या फळीत खेळणाऱ्या मुलीला हे बघायला हवे, कारण असा दबाव आला की काय करायचे, हे जपानच्या मुलींकडूनही त्याच सामन्यात शिकता येते.

एक गोष्ट खटकते. २०११ नंतर २०२३ पर्यंत यांचा मोठ्या महिलांचा संघ विश्वचषकात दिसला नाही. एवढ्या गुणी मुली पुढे जगाला दिसतच नाहीत.

सायली_म
सगळ्यांचे मनापासून आभार. जन्मवर्षाची गोष्ट मी भाचीला सांगितली तर तिने लगेच स्वतःचे वर्ष मोजायला घेतले. एक शंका: काही निकाल सात-शून्य, आठ-शून्य असे दिसतात. असे सामने दाखवावेत का? आणि खंडांच्या स्पर्धांचे कुणी सांगेल का?

प्राजक्ता_वि
एकतर्फी सामने सुरुवातीला टाळा. २०२२ च्या १७ खालच्या स्पर्धेत यजमान भारताचा पहिलाच सामना अमेरिकेशी होता आणि तो ०-८ गेला. त्यातून त्या मुलींच्या कष्टांची काहीच कल्पना येत नाही. दोन देशांच्या तयारीत किती अंतर आहे, एवढेच कळते. भाची थोडी रुळली की मग दाखवा, आणि हरणाऱ्या संघाची गोलरक्षक बघायला सांगा.

खंडांचे थोडक्यात सांगते. विश्वचषकाला कोणते संघ जाणार हे त्या त्या खंडातच ठरते. युरोपात १७ आणि १९ वर्षांखालील अशा दोन स्पर्धा, अंतिम टप्प्यात प्रत्येकी आठ संघ. १९ का, तर विश्वचषकाच्या आदल्या वर्षीची ही स्पर्धा त्याच जन्मवर्षाच्या मुलींची असते. २०२५ ला १९ खाली खेळलेल्या मुलीच २०२६ ला २० खाली. म्हणून पुढच्या विश्वचषकात युरोपचे कोण चमकणार हे आधी कळून घ्यायचे असेल तर ही स्पर्धा बघा. स्पेनने ती २०२२ ते २०२५ सलग जिंकली आहे. आशियात १७ आणि २० खालील आशियाई चषक. दक्षिण अमेरिकेत २० खालच्या गटात २०२४ पर्यंतची प्रत्येक स्पर्धा ब्राझीलने जिंकली, आणि तरीही दोन्हींपैकी एकही विश्वचषक त्यांच्या नावावर नाही.

आफ्रिकेची रीत निराळी. तिथे अंतिम टप्प्याची स्पर्धाच नसते. घरी एक आणि प्रतिस्पर्ध्याच्या देशात एक असे सामने खेळत पुढे जायचे, उरतील ते संघ थेट विश्वचषकाला. हा मार्ग खडतर असूनही नायजेरिया २० खालच्या २००२ ते २०२४ मधल्या प्रत्येक विश्वचषकात होती, २०१० आणि २०१४ ला अंतिम फेरीत. २०१४ ची सर्वोत्तम खेळाडू त्यांचीच असिसात ओशोआला.

मधलीफळी
प्राजक्ताताईंनी नायजेरियाचे नाव काढले म्हणून आठवले. २०२२ चा १७ वर्षांखालील तिसऱ्या क्रमांकाचा सामना, नायजेरिया वि. जर्मनी. नायजेरिया ३-० ने पुढे, जर्मनीने ३-३ केले, आणि शेवटी पेनल्टींवर नायजेरियाच जिंकली. तिसऱ्या क्रमांकाचा सामना म्हणून लोक सोडून देतात, पण हा सोडू नका. आघाडी हातची गेल्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुली पेनल्टीसाठी पुन्हा मन कसे घट्ट करतात, ते इथे दिसते.

त्याच दिवशी, त्याच नवी मुंबईच्या मैदानावर अंतिम सामना झाला, स्पेन १, कोलंबिया ०, आणि तो एक गोलही स्वयंगोल. कोलंबियाच्या लिंडा कायसेदोसाठी बघा. ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २० खालचा विश्वचषक खेळली, ऑक्टोबरमध्ये १७ खालचा, आणि पुढच्या वर्षी मोठ्यांचा. तिथे जर्मनीविरुद्धचा तिचा गोल अजून डोळ्यांसमोर आहे.

रानवारा
माझी भर छोटी. १७ खालचा २०१० चा अंतिम सामना, दक्षिण कोरिया वि. जपान, ३-३ आणि पेनल्टींवर कोरिया. कोरियाचे फिफाचे हे पहिलेच विजेतेपद, पुरुष आणि महिला दोन्ही धरून. ते मुलींनी मिळवले. आणि इतिहासाची आवड असेल तर २००२, आताच्या २० खालच्या विश्वचषकाची कॅनडातली पहिली स्पर्धा. तेव्हा ती १९ खालची होती. एडमंटनच्या अंतिम सामन्याला ४७ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. अमेरिकेने जादा वेळेतल्या गोल्डन गोलवर (पहिला गोल झाला की सामना संपला) जिंकले, पण कॅनडाच्या ख्रिस्तीन सिंक्लेअरने स्पर्धेत दहा गोल केले होते.

सायली_म
ठरले तर मग. सुरुवात २०१८ च्या अंतिम सामन्याने, नागानोसाठी. मग २० खालचाच २०२२ चा, मग नायजेरिया-जर्मनी, आणि चौथा बोगोटाचा. २०१० चा भाचीने स्वतःच मागून घेतला आहे.

निशिगंधा
उत्तम. एक करून बघा: नागानो बघताना पहिली दहा मिनिटे चेंडूकडे बघूच नका, फक्त तिच्याकडे बघा. चेंडू यायच्या आधी ती किती वेळा मान वळवून मागे बघते, ते भाचीला मोजायला सांगा. आणि २० खालचा २०२६ चा विश्वचषक पोलंडला आहे, तिथे २००६ आणि त्यानंतरच्या मुली. २००६ वाल्यांपैकी अनेकींचा १७ खालचा मोका हुकला होता हे ध्यानात ठेवून त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्या.