मदत हवी आहे : आधी डक्ट की आधी ड्रेनेज लाइन?

नमस्कार मंडळी. बडोद्यात मांजलपूरला एका चार मजली इमारतीचं काम सांभाळतोय. प्लंबिंग आणि एसीचे ठेकेदार वेगवेगळे, आणि सगळी भांडणं फॉल्स सीलिंगच्या वरच्या दीड फुटात.

दुसऱ्या मजल्यावर डक्टवाल्यांनी आधी येऊन बीमखाली डक्ट (एसीची हवा नेणारा मार्ग) टांगला. आता वरच्या बाथरूमची ११० मिमीची सांडपाण्याची लाइन नेमकी तिथेच आडवी येते. प्लंबर टेप लावून म्हणतो, "साहेब, ढाळ नथी मळतो" (म्हणजे उतार मिळत नाही). खरंच आहे. १०० ला १ धरला तरी ६ मीटरमध्ये ६ सेंमी उतार हवा. डक्ट वळवता येतो, सांडपाणी चढावर जात नाही. म्हणून माझ्या मते ड्रेनेज आधी. एसीतून ठिबकणारं पाणी नेणाऱ्या पाइपलाही ढाळ लागतो, तो तर कुणी ड्रॉइंगमध्ये दाखवलाच नाही!

तिसरा मजला सोमवारी सुरू होतोय. सगळ्या लाइनींचं एकत्र ड्रॉइंग तुमच्याकडे कोण करतं, कन्सल्टंट की मुख्य ठेकेदार? डक्ट उतरवून पुन्हा लावायचा खर्च कोणाच्या बिलातून कापता? आणि पाणी भरून चाचणी झाल्याशिवाय सीलिंग बंद करायचं नाही, ही अट वर्क ऑर्डरमध्ये नेमकी कशी लिहिता? कुणाकडे मसुदा असेल तर कृपया पाठवा.